‘आई, मी काहीच केलेलं नाही!’

यंदाच्या जून महिन्यात आमच्या घरात हे वाक्य दिवसातून चार वेळा तरी ऐकू येत होतं, आणि चारही वेळा मी त्यावर विश्वास ठेवला नाही. अर्धा वेळ का होईना, शाळेत शिकवणाऱ्या बाईला हे वाक्य पाठच असतं. वर्गात काच फुटते, शाई सांडते, आणि कुणीच काही केलेलं नसतं!

त्याचं असं झालं. आमचे भाऊजी पुण्याला कॉम्प्युटरच्याच नोकरीत आहेत. त्यांनी नवा घेतला आणि आपला जुना, खेळ खेळण्यासाठी खास जुळवलेला कॉम्प्युटर पुतण्याला देऊन टाकला. त्यात चित्रं रंगवायला वेगळं ग्राफिक्स कार्ड असतं, त्याला स्वतःचे पंखे, विजेची स्वतःची वायर, हे सारं मला आता ठाऊक आहे. तेव्हा मात्र तो आतून निळा-तांबडा उजेड पडणारा एक डबा होता, आणि ‘पोरगं यापायी बिघडणार’ हे भाकीत मी पहिल्याच दिवशी ह्यांच्या कानावर घालून ठेवलं होतं.

मेअखेरीस वळीव आला, वीज कडकडली आणि डबा मुका झाला. दुकानदार म्हणाला, ‘एसएमपीएस जळाला.’ म्हणजे भिंतीतली वीज घेऊन आतल्या प्रत्येकाला हवी तेवढी वाढणारी पेटी. पंगतीतली वाढपीणच म्हणा ना! नवीन पेटीचे २,८०० रुपये झाले. शिकवणीच्या पैशांतून मिक्सरसाठी बाजूला ठेवलेले होते, ते गेले.

दोन दिवस सगळं ठीक. तिसऱ्या दिवशी चिरंजीव मोटारींच्या शर्यतीचा खेळ खेळत असताना पडदा काळा झाला, पंखे घोंघावले. मग कधी चित्र परत येई, कधी सगळंच बंद पडे. ‘आई, ड्रायव्हर क्रॅश होतोय,’ तो म्हणाला. दारात मोटार नाही आणि ड्रायव्हर कुठला!

पुन्हा दुकान. दुकानदारानं हसून सांगितलं, ‘मॅडम, पोरं काहीबाही गेम टाकतात. फॉरमॅट मारू या.’ मी ‘बरं’ म्हटलं. मुलाला न विचारता म्हटलं. आणखी ५०० रुपये. घरी आणल्यावर कळलं, त्यात ठोकळे रचायच्या एका खेळात त्यानं सहा महिने खपून उभा केलेला अजिंक्यतारा होता. बुरूज, दरवाजे, मंगळादेवीचं देऊळ, सगळं पुसलं गेलं होतं. तो रडला नाही. खाली मान घालून जेवला आणि निजला. आणि दुसऱ्या दिवशी पडदा पुन्हा काळा! मी आठ दिवस कॉम्प्युटर बंद करून ठेवला. घरात शांतता झाली खरी, पण ती मला आवडेना.

शेवटी भाऊजींना फोन लावला. त्यांनी सांगितलं ते असं, की ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि कार्ड यांच्यामधला निरोप्या. कार्डानं दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही, तर ते अडकलं असं समजून विंडोज निरोप्याला पुन्हा उभं करतं, आणि त्याची नोंद आत ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये राहते. नोंदीचा क्रमांक ४१०१. मी एका दुरेघी वहीत त्या नोंदींच्या वेळा उतरवल्या. मग त्यांच्या सांगण्यावरून सेफ मोडमध्ये जाऊन जुना ड्रायव्हर मुळापासून काढला. मध्येच विंडोजनं स्वतःचा घालू नये म्हणून इंटरनेट बंद ठेवलं, आणि कार्डाच्या कंपनीचा नवा ड्रायव्हर घातला.

आता खरी परीक्षा! मुलगा शाळेत गेलेला, पोळ्या झालेल्या. मी पदर खोचला आणि शर्यतीला स्वतः बसले. मोटार दोनदा भिंतीवर आपटली, एकदा उलट्या दिशेनं धावली, आणि दहाव्या मिनिटाला पडदा काळा. माझ्या तोंडून आपसूक निघालं, ‘अगंबाई, मी काहीच केलेलं नाही!’

आणि मग मी तशीच बसून राहिले.

आमटी बिघडली तर आपण आधी बघतो, आज नवीन काय पडलं? पाणी तेच, डाळ तीच, मग तिखट बदललंय का? इथं नवीन काय होतं? एसएमपीएस. त्याकडे मात्र कुणी पाहिलंच नव्हतं. वहीही तेच सांगत होती. निबंध लिहिताना, सिनेमा बघताना एकही नोंद नाही. सगळ्या शर्यतीच्या वेळच्या. चटणीला चालणारा मिक्सर डोशाच्या पिठाला बसतो, त्यातलाच प्रकार.

बटण बंद केलं, वायर भिंतीतून काढली, बाजूचं झाकण उघडून फोटो भाऊजींना धाडला. लगेच फोन. ‘वहिनी, आधी प्लग काढा!’ ‘काढलाय हो.’ नव्या एसएमपीएसला कार्डाची वायरच नव्हती. दुकानदारानं डिस्कला वीज देणाऱ्या पिनेवर जोडणी लावून तीच कार्डाला दिली होती. त्या पिनेची ताकद १२ व्होल्टवर ५४ वॉट, आणि कार्डाची आठ टाचण्यांची वायर १५० वॉटपर्यंत मागू शकते. हलक्या कामात कार्ड भागवून घेई, खेळात उपाशी पडे. जोडणीचं प्लॅस्टिक एका कडेला पिवळं पडून मऊ झालेलं. त्या टेबलाला लागूनच खिडकीचा पडदा आहे. माझे हातपाय गार पडले.

जोडणी रुमालात बांधून दुकानात गेले. ‘सगळे लावतात मॅडम,’ तो म्हणाला. मी त्याच्याच बिलामागे ५४ आणि १५० हे आकडे लिहून वजाबाकी करून दाखवली. वरचे १,४०० घेऊन त्यानं कार्डासाठी स्वतंत्र वायर असलेला ६५० वॉटचा एसएमपीएस दिला. फॉरमॅटचे ५०० मात्र परत दिले नाहीत. (भगिनींनो, असा डबा दुरुस्तीला देण्याआधी आतला फोटो काढून ठेवा आणि मुलांचं काय काय आत आहे ते त्यांनाच विचारा.)

संध्याकाळी मुलाला म्हटलं, ‘चुकलं माझं. तू खरंच काही केलं नव्हतंस.’ तो म्हणाला, ‘तू शर्यत खेळलीस? कितवी आलीस?’

आता सहा आठवडे झाले, वहीत नवी नोंद नाही. ‘उरलेली पानं दे ना,’ म्हणून त्यानं ती मागून नेली आहे. त्यात अजिंक्यताऱ्याचा नकाशा काढणं चालू आहे. रविवारी आम्ही तिघं गडावर चढून पायऱ्या मोजून आलो. त्याचे आणि ह्यांचे आकडे जुळेनात, म्हणून पुढच्या रविवारी पुन्हा जायचंय.