मुखवट्याआडची लुइझा

शांता शेळके यांनी अनुवादिलेली ‘चौघीजणी’ आमच्या पिढीतील कितीतरी मुलींच्या उशाशी असे. मूळ पुस्तक लुइझा मे अल्कॉट या अमेरिकन लेखिकेचे, १८६८ सालचे ‘लिटल विमेन’. त्या सोज्ज्वळ घराची निर्माती त्याच दशकात सूड, कपट, अफू आणि खोट्या ओळखी यांनी भरलेल्या कथा ए. एम. बर्नार्ड या टोपणनावाने साप्ताहिकांना पुरवीत होती, हे मला कळले ते वयाच्या ६७व्या वर्षी. यजमानांना पार्किन्सनचा आजार जडून तेव्हा सहा वर्षे झाली होती. रात्री दोन वाजता त्यांची कूस बदलायची असे. त्या वेळेपर्यंत डोळे उघडे ठेवील असे काहीतरी वाचायला मला हवे होते.

लुइझाचे आयुष्य म्हणजे शुश्रूषेचा एक अखंड पाठ होता. धाकटी बहीण लिझी हिची तिने अखेरपर्यंत सेवा केली. १८५८ साली गेलेली ही लिझी म्हणजेच पुस्तकातील बेथ. १८६२च्या डिसेंबरात, अमेरिकेतील यादवी युद्ध चालू असताना, ती वॉशिंग्टनजवळील जॉर्जटाउन येथे जखमी सैनिकांच्या रुग्णालयात परिचारिका म्हणून गेली. पुढच्याच महिन्यात तिची ‘पॉलीन्स पॅशन अँड पनिशमेंट’ ही सूडकथा एका साप्ताहिकात लेखिकेच्या नावाशिवाय छापून आली. कथेला शंभर डॉलरचे पारितोषिक मिळाले होते. पण कथा छापली जात होती त्याच महिन्यात लेखिका विषमज्वर आणि न्यूमोनियाने अंथरुणाला खिळली. वडिलांनी तिला घरी नेले. उपचारात दिलेल्या कॅलोमेल या पारायुक्त औषधाने आपली प्रकृती कायमची बिघडली, असे ती पुढे मानत असे. तत्त्वचिंतक वडिलांना संसाराचा खर्च कधी पेलला नाही. तो लुइझाच्या लेखणीने पेलला. या भडक कथांमागे पैशाची निकड होती, हे उघडच आहे.

परंतु केवळ पैशासाठी लिहिलेले असे वाचताना वाटत नाही. १८६६ सालची ‘बिहाइंड अ मास्क’ घ्या. इंग्लंडमधील एका श्रीमंत घरात जीन म्यूर नावाची शिक्षिका येते. नम्र, फिकुटलेली, जेमतेम एकोणीस वर्षांची वाटावी अशी. ती चहा करते, पियानो वाजवते आणि आजारी मालकीणबाईंची मर्जी संपादन करते. रात्री खोलीचे दार बंद झाल्यावर मात्र ती डोक्यावरच्या खोट्या वेण्या उतरवते, गालांवरचा रंग पुसते, तोंडातले काही दात काढून ठेवते. आणि आरशासमोर उरते ती तिशीची, थकलेली, धूर्त बाई. (रात्री कवळी पाण्यात ठेवणाऱ्या माझ्यासारखीला हे वाचून भीतीऐवजी हसूच आले.) पुढे ती काय करते ते सांगत नाही, रहस्यकथेचा शेवट फोडणे हे पाप आहे.

मला त्या बंद दाराने धरून ठेवले. भेटायला येणारे म्हणतात, ‘किती शांतपणे करता हो सगळे तुम्ही!’ आपण हसतो, चहा ठेवतो. ते गेल्यावर स्वयंपाकघरात आपला चेहरा कसा असतो, हे फक्त सेवा करणाऱ्यालाच ठाऊक. ‘चौघीजणी’तील आईसुद्धा जोला एकदा कबूल करते की, तिला जवळजवळ रोज राग येतो, तो न दाखवायला मात्र ती शिकली आहे. लहानपणी मी त्या पानावरून सहज पुढे गेले होते. जीन म्यूर हा त्या रागाचा दुसरा चेहरा असावा, असे आता वाटते. लुइझाने आईची सेवा १८७७ साली तिच्या मृत्यूपर्यंत केली. १८८२ साली वडिलांना पक्षाघात झाल्यावर त्यांची जबाबदारीही तिच्यावरच आली. वडील ४ मार्च १८८८ रोजी गेले आणि ६ मार्चला ती गेली. वय अवघे ५५.

हे टोपणनाव तिने कटाक्षाने जपले होते. लिओना रोस्टेनबर्ग या संशोधिकेने प्रकाशकाच्या पत्रांवरून ते उघड केले १९४३ साली, आणि त्यांची मैत्रीण मॅडेलिन स्टर्न हिने या कथांचा संग्रह काढला थेट १९७५ साली. ‘अ लाँग फेटल लव्ह चेस’ ही कादंबरी तर प्रकाशकाने नाकारली होती. ती १९९५ साली छापली गेली.

पार्किन्सनमध्ये चेहऱ्याचे स्नायू ताठरतात. डॉक्टर त्याला मुखवट्यासारखा चेहराच म्हणतात. हावभाव दिसत नाहीत म्हणून भावना नाहीत, असा घरच्यांचाही समज होऊ लागतो. ‘बिहाइंड अ मास्क’ इंटरनेटवर विनामूल्य मिळते. टॅबवर अक्षर मोठे करून मी तिचे एकेक प्रकरण यजमानांना मराठीत सांगू लागले. दात काढून ठेवण्याच्या प्रसंगाला त्यांचा चेहरा तसाच निश्चल होता, पण घशातून हसण्याचा बारीक आवाज आला. दुसऱ्या रात्री दोन वाजता कूस बदलताना त्यांनी अगदी क्षीण स्वरात विचारले, ‘पकडली का तिला?’

मी म्हटले, ‘अजून चार प्रकरणे आहेत.’