वरातींतलें वाद्य

सारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टींत जितका घोटाळा होतो तितका सर्वस्वीं भिन्न गोष्टींत होत नाहीं. सारंगी वाजविणाऱ्याच्या हातीं सतार दिली तर तो ती मुकाट्यानें पहिल्यापासून शिकूं लागेल. पण बेस क्लॅरिओनेट वाजविणाऱ्यास साधें क्लॅरिओनेट द्या, म्हणजे याला सर्व कांहीं येतच आहे असें त्याच्यासह सर्वांस वाटतें, आणि तेथेंच त्याच्या हालांना आरंभ होतो.

नोकरीच्या निमित्तानें मी इंग्लंडांत राहतों. तेथील एका हौशी वाद्यवृंदांत 11 वर्षें मीं बेस क्लॅरिओनेट वाजविलें. गेल्या हिवाळ्यांत पहिलें क्लॅरिओनेट वाजविणाऱ्या बाई दुसऱ्या गांवीं गेल्या आणि ती खुर्ची माझ्याकडे आली. दोन्ही वाद्यें एकाच कुळांतलीं. एकाचा स्वर दुसऱ्याहून एका सप्तकानें खालीं. बाकी कागदावरील लिपी वाचण्याची रीत तीच आणि बोटें ठेवावयाच्या जागाहि त्याच. पण थोरलें वाद्य जमिनीवर खुंटी टेकून उभें असतें. त्याला मोकळ्या ओठांनीं भरपूर श्वास द्यावा लागतो, आणि भोंकांवर धातूचीं झांकणें असल्यामुळें बोट थोडें इकडेतिकडे पडलें तरी तें रागावत नाहीं. धाकटें सुमारें 26 इंचांचें, पण मोठें मानी! त्याचा सगळा भार उजव्या आंगठ्यावर. ओठ थोडे सैल पडले कीं स्वर उतरतो. उघड्या भोंकावरून बोट केंसभर सरकलें कीं तें किंचाळतें. सर्वांत कठीण जागा म्हणजे मधला सांधा. एका स्वराला जवळजवळ सर्व बोटें मोकळीं, आणि त्याच्या लगतच्या स्वराला सगळीं भोंकें एकदम झांकावयाचीं! पहिल्या दोन महिन्यांत शेजाऱ्यांनीं, मांजर पाळलें आहे काय, असें विचारलें नाहीं, हा त्यांचा सभ्यपणा.

हें सारें सरावानें जमतें. मला जें जड गेलें तें निराळेंच होतें.

माझें लहानपण नंदुरबारला गेलें. तेव्हां तें धुळें जिल्ह्यांत होतें. स्वतंत्र जिल्हा झाला तो 1 जुलै 1998 रोजीं. लग्नसराईंत आमच्या आळींतून रोज एखादी वरात जाई. पुढें तांबड्या डगल्यांतले बँडवाले, आणि त्यांच्यांत, नवऱ्या मुलाच्या घोड्याकडे तोंड करून मागें मागें चालणारा, क्लॅरिओनेट वाजविणारा. कर्णे आणि ढोल यांच्या गदारोळांतून त्याचा एकच स्वर वर निघे व माडीवरच्या बायका खिडकीशीं येत. मलाहि तें शिकावेंसें वाटे. तसें मीं नानांना म्हटलें, तेव्हां ते एवढेंच म्हणाले, "ऐकणारांचीं घरें वेगळीं, वाजविणारांचीं वेगळीं." त्यांच्या बोलण्यांत रागाचा लेशहि नव्हता, दोन आणि दोन चार म्हणावें तसें ते म्हणाले. ज्यांच्या वाद्यावांचून वरातीचें पाऊल पुढें पडत नसे, त्यांची पंगत अंगणांत सर्वांमागून बसे, आणि त्यांत कोणालाच कांहीं विशेष वाटत नसे. होळीला अक्कलकुवा तालुक्यांतल्या काठी गांवीं आदिवासींचे ढोल ऐकावयास मात्र नाना मला हौसेनें घेऊन गेले होते. तें वाजविणें डोंगरापलीकडचें होतें. आमच्या दारावरून जात नव्हतें.

पुढें परदेशीं वाद्य निवडण्याची वेळ आली तेव्हां मीं बेस क्लॅरिओनेटच कां उचललें, हें आतां मला स्पष्ट दिसतें. अडॉल्फ साक्स या बेल्जियन कारागिरानें 1838 मध्यें त्याला जवळजवळ आजचें रूप दिलें. पण नंदुरबारच्या कोणत्याहि आळीनें तें पाहिलें नव्हतें, म्हणून त्याला जातहि नव्हती. फोनवर मी नानांना सांगें, "जमिनीवर टेकवून वाजवायचें एक मोठें वाद्य आहे," आणि त्यांचें समाधान होई.

चायकोव्स्कीची सहावी सिंफनी 1893 सालची. तिच्या पहिल्या भागांत क्लॅरिओनेट एक गाणें आळवीत विझत विझत जातें आणि अखेरचे कांहीं स्वर बासून या वाद्याकडे सोंपवितें. ते किती हळू वाजवावयाचे? 'हळू' या अर्थाचें अक्षर तेथें लागोपाठ 6 वेळां लिहिलें आहे! बासूनला हें अवघड, म्हणून पुष्कळ ठिकाणीं ते स्वर बेस क्लॅरिओनेट वाजवितें. पूर्वीं एकदां सबंध सिंफनींत मीं तेवढेच स्वर वाजविले होते. बाकीचा वेळ हात मांडीवर ठेवून बसलों होतों, आणि मोठ्या सुखांत होतों. यंदां वरचें गाणें माझ्याकडे आलें. तालमींत बाकीचीं वाद्यें जवळजवळ गप्प झालीं आणि तो एकटा, उघडा स्वर निघाला, तेव्हां मला चायकोव्स्की आठवला नाहीं. घोड्यापुढें उलटा चालणारा तो तांबड्या डगल्यांतला मनुष्य आठवला. मला बसावयास खुर्ची होती, समोर कागद होता, भोंवतीं शांतता होती. तो धुळींत, गर्दीचे धक्के खात चालत असे; आणि तरी त्या सांध्यावर त्याचा स्वर फुटलेला मला आठवत नाहीं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशीं, वाद्य बदललें म्हणून मीं नानांना सांगितलें. त्यांनीं नांव विचारलें.

"म्हणजे वरातींतलें तेंच?"

"तेंच, नाना."

पलीकडून बराच वेळ कांहीं ऐकूं आलें नाहीं. मग ते म्हणाले, आपल्या आळींतून आतां तें जात नाहीं. गाडीवर मोठमोठे कर्णे लावून यंत्रच वाजवितात, खिडक्यांच्या काचा थरथरतात. "बरा वाजवायचा तो," असें म्हणून त्यांनीं आईच्या गुडघ्याची हकिकत सांगावयास सुरवात केली.