इस्तंबूल, मांजरं आणि आमचा भोपळ्या

इस्तंबूलला जाऊन आलेली माणसं काय काय सांगतात? ब्लू मॉस्क, ग्रँड बझार, बकलावा, झालंच तर बॉस्फरसवरचा सनसेट. मी 2023च्या ऑक्टोबरमध्ये आठ दिवस राहून आले, ती 412 फोटो घेऊन. त्यातले साडेतीनशे मांजरांचे! आई म्हणाली, "एवढे पैसे घालून मांजरं बघायला गेलीस? ती आपल्या पार्किंगमध्ये फुकट होती की."

होती. तोच तर सगळा प्रॉब्लेम होता.

म्हणून आधी भोपळ्याविषयी सांगते. 2017च्या गणपतीत कोथरूडला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, कुणाच्या तरी ॲक्टिव्हाच्या सीटवर एक पिवळं पिल्लू सापडलं. दोन महिन्यांत ते असं काही फुगलं की दुसरं नाव सुचणंच शक्य नव्हतं. मी पडले फ्रीलान्सर, म्हणजे दिवसभर घरी, म्हणजे दिवसभर डोळ्यांसमोर तोच. रोज एक फोटो इन्स्टाग्रामवर टाकायची सवय लागली. भोपळ्या कीबोर्डवर, भोपळ्या फ्रीजवर, भोपळ्या आईने वाळत घातलेल्या कुरडयांकडे संशयाने बघताना. यात काही मोठा फंडा वगैरे नव्हता. पण बघता बघता सहा हजार लोक जमले. नागपूरची एक सीए, इंदूरचा एक बँकवाला, आणि न्यू जर्सीतल्या एक आजी. या आजी रोज एकच प्रश्न विचारायच्या, "आज जेवला का गं?"

जुलै 2023मध्ये तो गेला. किडनी. शेवटचे चार दिवस तो जेवत नव्हता आणि पहिल्या दोन दिवसांत ते माझ्या लक्षातही आलं नाही, कारण डेडलाइन होती. त्या दोन दिवसांत मी त्याचे फोटो मात्र टाकले होते. आजींना "हो, जेवला" असं उत्तरही दिलं होतं!

तो गेल्याचं मी कुणालाच सांगितलं नाही. फोनमध्ये न टाकलेले शेकडो फोटो होते. दुसऱ्या दिवशी त्यातला एक टाकला, तिसऱ्या दिवशी आणखी एक. इंदूरवाल्याने एकदा विचारलंसुद्धा, "पुण्यात एवढं ऊन? आमच्याकडे तर धो धो चालू आहे!" मी एक स्मायली टाकून सटकले. असे तीन महिने गेले. तेवढ्यात एक अडकलेलं मानधन अनपेक्षितपणे हातात पडलं आणि मी तिकीट काढलं. इस्तंबूलच का? सेल होता. मांजरांचं डोक्यातही नव्हतं, खरंच.

सुलतानअहमत भागातल्या माझ्या स्वस्तातल्या हॉटेलात पोचले, तर रिसेप्शनच्या रजिस्टरवर एक करडी मांजर झोपलेली. तिथल्या पोऱ्याने तिला उठवलं नाही. माझं नाव एका चिठ्ठीवर लिहून घेतलं, म्हणाला रजिस्टर नंतर भरू. या शहराची ओळख मला त्या चिठ्ठीने झाली.

मग ती सगळीकडेच दिसायला लागली. दुकानाच्या काउंटरवर, मशिदीच्या पायरीवर, कॅफेतल्या गादीच्या खुर्चीवर (तुम्ही उभे राहा!). दारोदारी पाण्याच्या वाट्या, खाण्याचे ढीग, लाकडी नाहीतर थर्माकोलची छोटी घरं. ती कुणाच्या मालकीची नाहीत आणि बेवारसही नाहीत. बंदराचं शहर, धान्याची जहाजं, लाकडी घरं आणि भरपूर उंदीर, त्यामुळे मांजरांची सोय फार जुनी. त्यात इस्लाममध्ये मांजर स्वच्छ मानलेली, मशिदीत शिरली तरी कुणी हाकलत नाही. जेदा टोरून या दिग्दर्शिकेने 2016मध्ये यांच्यावरच 'केदी' नावाची अख्खी डॉक्युमेंटरी काढली. केदी म्हणजे मांजर. आणि बोलवायचं कसं? "पिसी पिसी!" मी सवयीने "मनी मनी" करून बघितलं, एकीनेही मान वळवली नाही.

आया सोफियाच्या रांगेत उभी होते तेव्हा मागच्या बाईंनी फोनवर एक फोटो दाखवला. हिरव्या डोळ्यांची, जराशी तिरळी मांजर. ही ग्ली. 2004 साली जन्मलेली, आयुष्य या इमारतीतच काढलेलं. 2009मध्ये बराक ओबामा इथे आले तेव्हा त्यांनीही हिला गोंजारलं होतं. इंटरनेटवर हिचे लाखाच्या वर चाहते. जुलै 2020मध्ये म्युझियमची पुन्हा मशीद झाली, तेव्हा जगभरच्या लोकांना पडलेल्या प्रश्नांपैकी एक होता, "ग्लीचं काय?" ती राहील असं सरकारने जाहीर केलं. राहिलीही, पण त्याच नोव्हेंबरमध्ये आजारी पडून गेली. बाई ज्या सुरात हे सांगत होत्या, त्यावरून मला वाटलं त्यांच्या घरचंच कुणी असावं. त्या पोर्तुगालहून आल्या होत्या, ग्लीला कधी भेटल्याही नव्हत्या.

त्या रात्री मी भोपळ्याचा फोटो टाकला नाही. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी एमिनोन्यूहून कादिकॉयची फेरी पकडली. वीस-पंचवीस मिनिटांत युरोपातून आशियात! तिकीट आपल्या बसच्या पासासारख्या कार्डावर. सिमिट नावाचं तीळ लावलेलं कडं घ्या, छोट्या कमरेच्या ग्लासातला चहा घ्या आणि डेकवर बसा. इस्तंबूलमध्ये यापेक्षा भारी काही नाही, आणि यापेक्षा स्वस्तही नाही. कादिकॉयच्या मासळीबाजारात हम्सी नावाच्या, आपल्या मांदेलीच्या चुलतबहिणी शोभतील अशा मासळीचे ढीग आणि प्रत्येक ठेल्याखाली दोन-दोन बोके शिस्तीत बसलेले. आईला फोटो पाठवला. तिचं उत्तर, "भाव काय?"

एक मात्र सांगायला हवं. कुत्र्यांच्या बाबतीत हे शहर नेहमीच एवढं प्रेमळ नव्हतं. 1910 साली इथले हजारो कुत्रे पकडून सिव्रियादा नावाच्या निर्जन बेटावर सोडून दिले गेले आणि ते तिथे भुकेने-तहानेने मेले. माझ्या ट्रिपनंतर, जुलै 2024मध्ये, भटके कुत्रे उचलून शेल्टरमध्ये ठेवायचा कायदा तुर्कस्तानात झाला आणि लोक रस्त्यावर उतरले. आपल्याकडे 2025मध्ये दिल्लीच्या कुत्र्यांवरून कोर्टात जे रामायण झालं, ते वाचताना मला हेच आठवत होतं.

धक्क्यापासून अर्धा-पाऊण तास चालत गेलं की झिव्हरबे ही वस्ती लागते. साधी मध्यमवर्गीय, बिल्डिंगा, किराणा, गॅलरीत वाळणारे कपडे. इथल्या एका गल्लीत टोम्बिली राहायची. टोम्बिली म्हणजे आपण 'गोलू' म्हणतो तसं लाडाचं नाव. फुटपाथच्या पायरीवर एक कोपर टेकून, पोट सोडून, नाक्यावरच्या रिकामटेकड्या काकांसारखी बसलेली ही मांजर तुम्हीही पाहिली असणार. तो फोटो जगभर फिरला. ऑगस्ट 2016मध्ये ती गेली, तेव्हा पुतळा उभारा म्हणून सतरा हजार लोकांनी सह्या केल्या आणि पालिकेने तो खरंच उभारला! शिल्पकार सेवाल शाहिन, तारीख 4 ऑक्टोबर 2016, जागतिक प्राणी दिन. महिन्याभरात पुतळा चोरीला गेला, असा काही गहजब झाला की दोन-तीन दिवसांत परतही आला.

पुतळा बघून मी आधी हसले, कारण तो फारच लहान आहे. मांजराएवढाच. त्याच पायरीवर, त्याच पोझमध्ये. बाजूला कुणीतरी खाणं ठेवलेलं. मी शेजारी बसले.

थोड्या वेळाने पिशवी घेऊन एक आजीबाई आल्या, वाटी भरली आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "केदी वार मी?" एवढं मला समजलं, मांजर आहे का तुझ्याकडे? सवयीने फोन काढला, भोपळ्याचा कुरडयांवाला फोटो दाखवला. त्या खूश! मग भाषांतराच्या ॲपवर काहीतरी बोलल्या. स्क्रीनवर आलं, "आता त्याला कोण सांभाळतंय?"

मी ॲपमध्ये टाइप केलं, "तो जुलैमध्ये मेला."

घराबाहेरच्या कुणाला हे सांगायची ही पहिलीच वेळ. त्यांनी वाचलं, पिशवी खाली ठेवली, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "बाशन साओलसुन." आणि मी तिथे, परक्या देशातल्या गल्लीत, हमसून हमसून रडले. त्या दहा मिनिटं शेजारी बसून राहिल्या. समोरच्या दुकानवाल्याने न विचारता चहा आणून दिला, पैसे घेतले नाहीत. हॉटेलातल्या पोऱ्याने नंतर सांगितलं, शब्दशः अर्थ 'तुझं डोकं सलामत राहो'. माणूस गेल्यावर त्याच्या घरच्यांना म्हणतात.

परतीच्या फेरीवर मी डेकवर बसून पोस्ट लिहिली. भोपळ्या 19 जुलैला गेला, तेव्हापासूनचे सगळे फोटो जुने होते, आणि "जेवला" हे खोटं होतं. शिव्या खायची तयारी ठेवली होती. थोड्या पडल्याही. नागपूरच्या सीएने अनफॉलो केलं, तिचा राग मला पटतो. इंदूरवाल्याने नुसतं, "ऊन बघून शंका आली होती."

आजींचं उत्तर उशिरा आलं, न्यू जर्सीत सकाळ झाल्यावर. "मला माहीत होतं गं. सप्टेंबरातल्या फोटोत मागे भिंतीवरचं कालनिर्णय मे महिन्याचं होतं. म्हटलं, तुला सांगावंसं वाटेल तेव्हा सांगशील."

मग दोन मिनिटांनी दुसरा मेसेज. "तिकडे म्हणे खूप मांजरं असतात. फोटो टाक."