गाडीची ताई

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कन्याशाळेत मी शिकवते. आमच्याकडे वर्ग पाचवीपासून आहेत, पण नव्या मुली जास्त करून येतात त्या आठवीत. आसपासच्या वाड्यांवर जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंतच, पुढं शिकायचं तर तालुक्याला यावं लागतं. जिथं वर्गात दहा-बारा पोरं आणि दोन-तीन इयत्तांना मिळून एक गुरुजी, तिथून ही मुलगी एकदम साठ मुलींच्या तुकडीत येऊन बसते. दर तासाला नव्या बाई. हजेरीत नाव पुकारलं तर ‘हजर’ म्हणायलासुद्धा आवाज फुटत नाही.

नव्या मुलीला वर्गातल्या कुणाशी तरी जोडून द्यायचं, अशी पद्धत आधी होती. ती आता मी मोडली आहे. आता जोडी लागते एसटीच्या मार्गावरून. एकाच गाडीनं येणारी नववीतली मुलगी ही तिची ताई. कारण नव्या मुलीची पहिली धास्ती गणिताची नसते, गाडीची असते. स्टँडवर कुठल्या फलाटाला गाडी लागते, शेवटची गाडी चुकली तर काय करायचं, कंडक्टरला पास कधी दाखवायचा, गर्दीत कुणी अंगचटीला आलं तर कुठं सरकायचं आणि कुठं ओरडायचं, हे मी फळ्यावर लिहून शिकवू शकत नाही. ताई ते रोजच्या रोज दाखवते. अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना एसटीचा पास मोफत आहे. २०२४च्या जूनपासून महामंडळ पास शाळेतच देऊ लागलं, त्यामुळं आगारातल्या रांगेत बुडणारे तास वाचले. पण पहिल्या दिवशी त्या मुलीच्या शेजारी बसायला माणूसच लागतं.

गाडीत आणखीही बरंच काही उरकतं. आठवीपासून स्कर्ट जाऊन पंजाबी ड्रेस येतो. ओढणीची घडी कशी घालायची, खांद्यावर पिन कुठं टोचायची म्हणजे धावताना सुटणार नाही, हे ताया चालत्या गाडीत करून दाखवतात. संस्कृत घ्यायचं की हिंदी, की दोन्ही निम्मं-निम्मं, हा आठवीचा मोठा प्रश्न. पालक येऊन मला विचारतात. मुलगी मात्र ताईला विचारून आधीच ठरवून बसलेली असते, आणि बहुतेक वेळा बरोबर ठरवते.

पहिल्या आठवड्यात माझं लक्ष पाण्याच्या बाटल्यांवर असतं. सकाळी भरून आणलेली बाटली संध्याकाळी तशीच घरी निघालेली दिसते. स्वच्छतागृह कुठंय हे विचारायची भीड, मधल्या सुट्टीतली रांग आणि चालू तासाला हात वर करायची लाज, म्हणून या मुली दिवसभर घोटभर पाणी पीत नाहीत. मग डोकं दुखतं, पोटात दुखतं, आणि घरी वाटतं की पोरीला शाळा मानवत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी त्यांना मी शाळा दाखवते ती स्वच्छतागृहापासून, आणि तासाला जायचं असेल तर विचारू नका, उठून जा, असं सगळ्यांसमोर सांगते. पाळीच्या पॅडचं कपाट आहे. त्याची किल्ली माझ्याकडं नाही, नववीतल्या मुलींकडं आहे. बाईंकडं किल्ली मागायला जी मुलगी अर्धा दिवस घालवेल, ती ताईला खुणेनं सांगते.

मुलींची शाळा आहे म्हणूनच पुष्कळ घरांतून पुढचं शिक्षण चालू राहतं, हे पालक मोकळेपणानं बोलून दाखवतात. १८८४मध्ये पुण्यात हुजूरपागा सुरू झाली, त्याला आता एकशेचाळीस वर्षं उलटली, तरी हे कारण जुनं झालेलं नाही. मला ते मनापासून आवडत नाही, पण त्या कारणानं मुलगी आठवीच्या वर्गात येत असेल तर मी ते पदरात घेते. आत आल्यावर तिला जे मिळतं ते त्या कारणापेक्षा मोठं असतं.

ते काय, हे पहिल्यांदा बाकं हलवायची वेळ येते तेव्हा कळतं. कार्यक्रमासाठी वर्गातली बाकं सभागृहात न्यायची असतात. नव्या मुली भिंतीला टेकून उभ्या राहतात. गावच्या शाळेत बाकं मुलगे उचलायचे, घंटा मुलगे द्यायचे, झेंड्याची दोरीही तेच ओढायचे. मुलींनी रांगोळी काढायची आणि पाहुण्यांना ओवाळायचं. इथं थोडा वेळ वाट बघून त्यांच्या लक्षात येतं की बाहेरून कुणी येणार नाही. ताई म्हणते, “धर की गं त्या बाजूनं.” चौघी मिळून बाक उचलतात, दारातून तिरका काढतात. परत येतात त्या बोलत येतात. प्रयोगशाळेत गॅस पेटवणं, लेझीम पथकातला ढोल, मैदानावर फक्की मारणं, एकेक काम असंच त्यांच्या हाती येतं. ज्या मुलीला काम मिळालं, ती रुळली. नुसतं ‘घाबरू नकोस’ म्हटल्यानं रुळलेली मुलगी माझ्या पाहण्यात नाही.

एक अडचण मात्र अजून सुटलेली नाही. खो-खोचा सराव शाळा सुटल्यावर असतो, आणि लांबच्या वाड्यांच्या शेवटच्या गाड्या त्याच सुमाराला सुटतात. गावाकडच्या मुली पळण्यात तरबेज, आणि नेमक्या त्याच संघाबाहेर राहतात. यंदा सराव सकाळी शाळा भरण्याआधी ठेवावा, असं नववीतल्या मुलींनीच सुचवलं. त्यासाठी दोन मार्गांवरची पहिली गाडी अर्धा तास आधी सुटायला हवी. तसा अर्ज मुलींनी स्वतः लिहिला आहे, सह्या झाल्या आहेत, आणि सोमवारी आगारात तो द्यायला त्याच जाणार आहेत. सोबत आठवीतल्या दोघी आहेत.