मनगट, चेलो आणि आजी

भंडाऱ्याच्या मुलीने चेलो शिकावा, हे आमच्या घरी अजून कुणाच्या पचनी पडलेलं नाही. ‘व्हायोलिनचा मोठा भाऊ’ एवढंच आई शेजाऱ्यांना सांगते. मी पुण्यात नोकरी करते. दिवसभर माऊस, रात्री बो. सहाव्या महिन्यात उजवं मनगट असं ठणकायला लागलं की चहाचा कप उचलवेना. क्लास सुटणार, हे मी जवळजवळ धरूनच चालले होते.

सरांनी रियाज कापला! वीस मिनिटं वाजवायचं, पाच मिनिटं उठून फिरायचं. डाव्या हाताला आठवडाभर सुट्टी, फक्त चार मोकळ्या तारा. ‘बो दाबू नकोस, हाताचं वजन तारेवर सोड.’ अंगठा ताठला की ते थांबवतात आणि विचारतात, ‘आज ऑफिसात काय झालं?’ बॉसवरचा राग अंगठ्यात उतरतो, हे मला कुणी आधी सांगितलंच नव्हतं.

पूर्वी युरोपात शिकवताना उजव्या काखेत पुस्तक ठेवायला लावत, कोपर अंगाला चिकटून राहावं म्हणून. पाब्लो कसाल्स (१८७६–१९७३) यांनी ते बंधन झुगारलं, हात मोकळा केला. सरांचा दुसरा आदर्श नॅन्सी लेश. या अमेरिकन बाईंनी झिया मोहिउद्दीन डागर यांच्याकडे धृपद शिकून ते चेलोवर आणलं. त्यामुळे आम्हाला होमवर्क काय, तर एकच स्वर, लांबलचक. पहिले दोन दिवस वैताग येतो, खोटं कशाला बोलू.

गेल्या जुलैत महाराष्ट्र एक्सप्रेसने चेलोसकट घरी गेले. (बर्थवर चेलो, मी सुटकेसवर. टीसीसुद्धा हसला.) रोवणीचे दिवस. आजीने दारात बसून पाच मिनिटं माझा रियाज पाहिला.

‘काहून वं, खांदे कानाले लावून बसली? रोवणीत असी वाकली असती त दुपारपर्यंत पडली असती.’

मग तिने उठून दाखवलं. वाकायचं ते कमरेतून, मान सैल, हात लोंबते. सरांचंच वाक्य, फक्त चिखलातलं. चाळीसेक पावसाळे धान रोवलंय तिने. पण तिची पाठ आज रात्रभर दुखते. वीस मिनिटांनी उठ, असं तिला बांधावरून कुणी म्हटलं नव्हतं.

सरांना फोनवर हे सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, ‘आजींना विचार, शेक कशाने घेतात.’

मनगट आता बरं आहे. सोमवारी कुरकुरतं. त्या दिवशी मी फक्त सगळ्यात जाड तार वाजवते. तिचा घुमारा छातीच्या हाडापर्यंत पोचतो, आणि शेजारचे काका भिंतीवर ठोकतात.