पाटकऱ्याची लेक

मी मराठीची प्राध्यापिका आहे. गेली वीस वर्षे मुलांना कर्तरी-कर्मणी प्रयोग शिकवते, मोरोपंतांच्या आर्येतल्या मात्रा बोटांवर मोजायला लावते आणि उत्तरपत्रिकांतल्या ऱ्हस्व-दीर्घांवर लाल शाई खर्च करते. अशा बाईने वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी लिनक्स शिकायला घ्यावे, याचे नवल सर्वांत आधी माझ्या धाकट्या लेकीला वाटले. ‘‘आई, तुला मोबाइलचा गजरसुद्धा बंद करता येत नाही!’’ ती म्हणाली. हे अगदी खरे आहे. गजर अजूनही तीच बंद करते.

पण प्रसंगच तसा आला.

मी राहते बारामतीला आणि शिकवते इंदापूरला. एस.टी. भवानीनगर, लासुर्णे, जंक्शन, निमगाव केतकी अशी गावे घेत रमतगमत इंदापूरला पोचते. हा सारा मुलूख नीरा डाव्या कालव्याचा. १८७६-७७ च्या दुष्काळात पोटापाण्याचे काम म्हणून या कालव्याची खोदाई हाती घेतली गेली, आणि पुढे त्याच्या पाण्यावर इथे ऊस उभा राहिला. माझे वडील, आमचे अण्णा, याच कालव्यावर पाटकरी होते. कोणत्या चारीला कधी आणि किती वेळ पाणी सोडायचे हे वेळापत्रक वरून येई. दारे उघडण्याची लांब लोखंडी किल्ली मात्र अण्णांच्या खांद्यावर असे. गावात त्यांना मान होता तो त्या किल्लीमुळे, आणि वैर आले तेही तिच्यामुळेच. ते पुढे सांगेन.

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयामागे एक अंधारी खोली आहे. तिथे एक काँप्युटर अहोरात्र घुमत असतो. सगळे त्याला ‘सर्व्हर’ म्हणतात. गेली दहा वर्षे माझे विद्यार्थी इंदापूर तालुक्यातल्या आपापल्या आज्यांकडून जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करून आणतात आणि त्या या सर्व्हरवर ठेवल्या जातात. हेमा रायरकर आणि गी पॉत्व्हाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्या डोंगरापुढे आमच्या सातशे ओव्या म्हणजे पायलीतली चिमूट. पण त्या चिमटीत पहिला आवाज माझ्या स्वतःच्या आजीचा आहे. ती जाऊन आता सात वर्षे झाली. तिच्या आवाजाची दुसरी प्रत माझ्याकडे नव्हती. ती ठेवायला हवी होती, हे शहाणपण मला नंतर सुचले.

जूनमध्ये कॉलेज उघडले आणि सर्व्हर कोणालाच दिसेना. तो सांभाळणारे गृहस्थ पुण्याला नोकरी लागून गेले होते. बाहेरून एक तंत्रज्ञ बोलावला. त्याने पाच मिनिटे खटपट केली आणि म्हणाला, ‘‘फॉरमॅट मारू, मॅडम. नवीन टाकून देतो.’’ फॉरमॅट म्हणजे काय, असे मी विचारले. ‘‘म्हणजे सगळी पाटी कोरी.’’ मी त्याला चहा पाजला आणि निरोप दिला.

त्या रात्री मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन केला. मराठीत त्याला मी एकेचाळीस गुण दिले होते. आज तो पुण्यात असलीच यंत्रे सांभाळण्याचे काम करतो आणि शनिवार-रविवार बारामतीला घरी येतो. ‘‘मी येऊन करून देतो, मॅडम,’’ तो म्हणाला, ‘‘पण पुढच्या वेळी काय कराल? तुम्हीच शिकून घ्या ना.’’ एकेचाळीस गुणांचा असा सूड मी आजवर पाहिला नव्हता.

शिकायला सुरुवात झाली ती एका काळ्या पडद्यापासून. लिनक्सची सर्व्हरवरची खोली अशीच असते. चित्रे नाहीत, खिडक्या नाहीत. एक लुकलुकणारी रेघ तुम्ही काय लिहिता याची वाट पाहत बसते. मुंबईच्या आयआयटीने ‘स्पोकन ट्युटोरियल’ म्हणून एक उपक्रम चालवला आहे. त्यातले लिनक्सचे छोटे छोटे पाठ मराठीतही आहेत. ते कानाशी लावून मी एस.टी.त बसे, आणि रात्री घरच्या जुन्या लॅपटॉपवर गिरवत बसे. ‘एलएस’ म्हटले की कपाटातल्या वस्तूंची यादी समोर येते. ‘सीडी’ म्हटले की आपण एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातो. ‘मॅन’ म्हटले की त्या आज्ञेची सारी माहिती पुढ्यात पडते. दोन शब्दांमधली जागा सोडायची राहिली, तर यंत्र स्वच्छ सांगते की मला हे कळत नाही. आर्येत एखादी मात्रा चुकली तर मी मुलांना असेच सांगते. आता माझी पाळी आली होती.

एकदा मात्र यंत्राला चांगलेच कळले. मी पुसून टाकण्याची आज्ञा दिली ती नको त्या खोलीत उभी राहून. ‘नक्की ना?’ असे विचारायच्या भानगडीत ते पडलेच नाही. सहामाहीची प्रश्नपत्रिका निमिषात नाहीशी झाली. त्या दिवसापासून मी दोन गोष्टी शिकले. आज्ञा देण्यापूर्वी आपण कुठे उभे आहोत ते पाहायचे, आणि कशालाही हात लावण्यापूर्वी त्याची एक प्रत करून ठेवायची.

हे लिनक्स आले कुठून, हेही मी वाचले. १९९१ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनुस टॉरव्हाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने, केवळ हौस म्हणून, त्याचा गाभा लिहायला घेतला आणि तो जगापुढे खुला ठेवला. कोणीही घ्यावा, वाचावा, बदलावा आणि पुढे द्यावा. आज वाचकांपैकी बहुतेकांच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटात तोच गाभा चालतो. मला यात परके काही वाटले नाही. जात्यावरची ओवी तरी कोणाच्या मालकीची असते? एकीने म्हटली, दुसरीने आपल्या भावाचे नाव घालून पुढे नेली. आमच्या सातशे ओव्या याच यंत्रणेवर ठेवलेल्या होत्या, हा योगायोग मला आवडला.

गाडी अडली ती नेटवर्कपाशी. पत्ते, गेटवे, राउटर हे शब्द कानावरून नुसते वाहून जात. एका रविवारी माझा विद्यार्थी आमच्या ओसरीवर बसून कागदावर चौकोन काढत होता. अण्णा शेजारी सुपारी कातरीत होते. त्यांनी कागदावर नजर टाकली आणि म्हणाले, ‘‘ह्यो तर कालवाच हाय.’’

आणि खरोखर कालवाच होता! एका चारीवरच्या शेतांची देवघेव चारीतल्या चारीतच होते. चारीबाहेर जायचे तर दारावरूनच गेले पाहिजे. ते दार म्हणजे गेटवे. कोणता प्रवाह कोणत्या वाटेने धाडायचा हे ठरवणारा राउटर म्हणजे पाटकरी. प्रत्येक शेताला जसा गट नंबर, तसा प्रत्येक यंत्राला चार आकड्यांचा पत्ता. आमच्यासारख्या छोट्या जाळ्यात त्यातले पहिले तीन आकडे चारी सांगतात आणि शेवटचा आकडा शेत सांगतो. पाणी टेलपर्यंत पोचले का हे पाहायला अण्णा सायकलवरून जात. तसा नेटवर्कवर ‘पिंग’ धाडायचा. १९८३ साली माइक मूस या अमेरिकन गृहस्थाने तो लिहिला, आणि पाणबुड्या आवाज सोडून प्रतिध्वनी ऐकतात त्यावरून त्याला हे नाव दिले. पलीकडे कोणी जागे असेल तर उत्तर येते.

ऑगस्टमधल्या एका दुपारी मी धीर करून त्या अंधाऱ्या खोलीत शिरले. सर्व्हरच्या सर्वाधिकाऱ्याला लिनक्समध्ये ‘रूट’ म्हणतात. त्याचा परवलीचा शब्द प्राचार्यांच्या कपाटातल्या एका रजिस्टरमध्ये लिहिलेला होता. तो त्यांनी मला दिला. आत गेले. आधी यंत्राने स्वतःलाच हाक मारून पाहिली. त्यासाठी १२७.०.०.१ हा ठरीव पत्ता आहे. उत्तर आले. म्हणजे जीव शाबूत होता. केबलचा हिरवा दिवा लुकलुकत होता. मग गेटवेला हाक मारली. सामसूम. तेव्हा मी सर्व्हरचा पत्ता आणि ऑफिसातल्या काँप्युटरचा पत्ता वहीत एकाखाली एक लिहून काढला. सर्व्हरचा १९२.१६८.१.१०. ऑफिसचा १९२.१६८.०.२५. तिसरा आकडा वेगळा!

उन्हाळ्याच्या सुटीत कॉलेजात नवा राउटर बसला होता. साऱ्या काँप्युटरांना आपोआप नवे पत्ते मिळाले. सर्व्हरचा पत्ता मात्र कोणे एके काळी हाताने पक्का करून ठेवलेला. बिचारा जुन्या चारीवर पाळीची वाट पाहत बसला होता. त्याचे काहीही बिघडलेले नव्हते. अशा धडधाकट यंत्राची पाटी आपण कोरी करायला निघालो होतो, या विचाराने माझ्या अंगावर काटा आला. मी पत्त्याच्या फायलीची आधी प्रत केली, एकाच्या जागी शून्य लिहिले, गेटवेचा पत्ताही तसाच बदलला, आणि पुन्हा हाक मारली. एकामागून एक उत्तरे येऊ लागली.

इथे ही गोष्ट संपली असती तर मी ती सांगितलीही नसती.

ओव्या आहेत ना, हे पाहायला मी यादी काढली. ओव्या होत्या. त्यांच्या शेजारी कार्यालयाचीही एक खोली होती, आणि तिच्यात गोपनीय अहवाल. त्यांतल्या एका फायलीवर माझे नाव. माझी पदोन्नती दोन वर्षे रेंगाळली होती. कोणी काय लिहिले असेल, या विचारात मी कितीतरी रात्री तळमळून काढल्या होत्या.

लिनक्समध्ये प्रत्येक फायलीला मालक असतो, त्याचा गट असतो, आणि मग बाकीचे सारे. कोणी वाचावे, कोणी लिहावे, कोणी ती चालवावी, याचे हक्क ठरलेले. वाचण्याचे चार, लिहिण्याचे दोन, चालवण्याचा एक, अशी त्यांची बेरीज करतात. त्या फायलीवर ६०० होते. म्हणजे मालकाने वाचावे-लिहावे, इतरांना काहीही नाही. पण रूटला हे कुंपण नसते. आणि त्या घटकेला मी रूट होते. मी फाइल दाखवण्याची आज्ञा लिहिली, फायलीचे नाव लिहिले. आता फक्त एंटर दाबायचा होता. खोलीत पंखा घरघरत होता आणि बाहेर कोणी नव्हते.

मी सातवीत असतानाची एक रात्र मला आठवली. त्या उन्हाळ्यात कालव्याला पाणी कमी होते. थोरल्या काकांचा ऊस जळत होता आणि त्यांची पाळी यायला चार दिवस होते. काका रात्री घरी आले. ‘‘दोन तास दार उचल. कोण बघतंय?’’ ते म्हणाले. आजी मध्ये बसली होती. दोघेही तिचेच मुलगे. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठले, किल्ली घेतली, आणि काकांच्या देखत ती शेजारच्या पाटकऱ्याकडे ठेवून आले. आईला म्हणाले, ‘‘घरात ऱ्हायली तर रात्री मीच उठून जायचो.’’ काकांचा निम्मा ऊस गेला. पुढे वर्षभर दोन्ही घरांत बोलणे नव्हते. आजी मधल्या भिंतीशी बसून दळायची आणि दोन्ही घरांना ऐकू जाईल अशा आवाजात गायची.

मी लिहिलेले एकेक अक्षर मागे जाऊन पुसले. यात मोठेपणा काही नाही. त्याआधी पाच मिनिटे माझे बोट त्या कळीवर होते, हे मी विसरलेले नाही.

दुसऱ्या दिवशी मी प्राचार्यांना सांगून रूटचा परवलीचा शब्द बदलून घेतला. नवा शब्द सीलबंद लिफाफ्यात घालून त्यांच्या कपाटात ठेवला. माझ्यासाठी साधे खाते मागितले. त्याला ‘सुडो’ची सोय आहे, म्हणजे नेमून दिलेल्या चार-पाच कामांपुरताच वरचा अधिकार मिळतो आणि प्रत्येक वापराची नोंद राहते. माझा विद्यार्थी म्हणाला, ‘‘मॅडम, हे आम्हाला नोकरीत दोन वर्षांनी कळतं.’’ मी त्याला काही बोलले नाही. मला ते सातवीत कळले होते. मध्यंतरी विसरले होते, इतकेच. अहवालात काय आहे ते मला अजून ठाऊक नाही, आणि पदोन्नतीही अजून व्हायची आहे.

दिवाळीच्या सुटीत मी साऱ्या ओव्यांची दुसरी प्रत बारामतीला घरी आणली. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी अण्णांच्या खुर्चीशेजारी लॅपटॉप ठेवून आजीची ओवी लावली. आधी जात्याची घरघर आली आणि मग तिचा आवाज. अण्णा ब्याऐंशी वर्षांचे आहेत. हातातला अडकित्ता तसाच धरून ते शेवटपर्यंत ऐकत राहिले.

ओवी संपल्यावर त्यांनी विचारले, ‘‘त्या मशिनीची किल्ली आता कुनाकडं असती?’’

‘‘प्राचार्यांच्या कपाटात, अण्णा. लिफाफ्यात. सीलबंद.’’

त्यांनी मान हलवली. थोड्या वेळाने म्हणाले, ‘‘परत लाव.’’