विसरणारं तेल

हवेत गेल्यावर क्वाड आपले पाय लांब करतो. जमिनीवर यंत्राच्या आणि माणसाच्या वजनाने दबलेल्या स्प्रिंगा उडीचा माथा सुटताच मोकळ्या होतात. पुढची दोन चाकं खाली लोंबतात, मागचा स्विंगआर्म ताणून घेतो, आणि फुगीर टायरांवरचं ते बुटकं, रुंद यंत्र क्षणभर उंच आणि किडकिडीत दिसू लागतं. कुंपणाशी उभे असलेले लोक माना वर करून उंची बघतात, रायडरची ऐट बघतात. माझी नजर त्या लोंबत्या चाकांवर खिळते. त्या क्षणी त्यांना काहीच काम नसतं, आणि पुढच्या क्षणाचं सगळं काम त्यांचंच असतं.

हे सगळं अमेरिकेत, टेनेसी राज्यातल्या हरिकेन मिल्समध्ये. नॅशव्हिलहून पश्चिमेला सव्वा तासावर लोरेटा लिन या कंट्री गायिकेचं रँच आहे. 1982 पासून तिथे हौशी मोटोक्रॉसची राष्ट्रीय स्पर्धा भरते, आणि चारचाकी एटीव्हींच्या, म्हणजे क्वाडच्या, राष्ट्रीय मालिकेचे सामनेही त्याच मातीत होतात. ऑगस्टमध्ये तिथली हवा कोकणातल्या वैशाखासारखी अंगाला चिकटते. ट्रॅकच्या एका भागात ओळीने उंचवटे आहेत, त्यांना ‘टेन कमांडमेंट्स’ म्हणतात. माझा शेजारी यामाहाचा वायएफझेड 450 आर घेऊन असल्या मैदानांवर उतरतो, आणि मी मोजपट्टी धरायला बरोबर जातो.

मोजपट्टीचं काम आदल्या संध्याकाळी, गराजमध्ये. मागचा दांडा धरून क्वाड उचलायचा, चाकं जमिनीवरून सुटली की ॲक्सलपासून मडगार्डपर्यंतचं अंतर लिहायचं. मग रायडरने बूट, हेल्मेट, छातीचं कवच असा सगळा जामानिमा करून फूटपेगवर उभं राहायचं, दोनदा दाबून स्थिर व्हायचं, आणि तेच अंतर पुन्हा मोजायचं. दोन आकड्यांतला फरक म्हणजे सॅग. या यंत्राला पुढे सुमारे 25 सेंटीमीटर आणि मागे 28 सेंटीमीटर दबायला जागा आहे. त्यातला साधारण तिसरा हिस्सा माणूस नुसता उभा राहण्यातच जावा, अशी चाल आहे. ही उधळपट्टी नव्हे. चाकाला वर यावं लागतं तसं खड्ड्यात खालीही जावं लागतं, आणि आधीच टोकाला उभ्या असलेल्याला खाली जायला जागा कुठली?

हे जमलं की वळायचं शॉकअपकडे. स्प्रिंगच्या आत नळी, नळीत तेल, तेलात भोकं पाडलेला पिस्टन, आणि त्या भोकांवर पोलादाच्या पातळ चकत्यांची चवड. शेजारच्या डबीत दाबाखालचा नायट्रोजन, म्हणजे घुसळून तेलाचा फेस होत नाही. दाबताना किती अडवायचं आणि परत येताना किती अडवायचं, हे छोट्या स्क्रूंनी ठरतं. ते फिरवताना बोटांना टकटक जाणवते, म्हणून हिशेब क्लिकमध्ये. दाबण्याच्या बाजूला ‘लो स्पीड’ आणि ‘हाय स्पीड’ असे दोन स्क्रू आहेत, पण हा वेग गाडीचा नाही, पिस्टनच्या दांड्याचा. सरळ रस्त्यावर भन्नाट सुटलेल्या क्वाडच्या आत दांडा शांत सरकत असेल, तर ते लो स्पीड. सपाट जमिनीवर धाडकन आपटला, की ते हाय स्पीड. बाहेरची घाई आणि आतली घाई यांचा संबंध असेलच असं नाही, हे मी माणसांच्या आधी या यंत्रात पाहिलं.

उतरण्याचा अर्धा हिशेब मात्र शॉकअपच्या बाहेर, मातीत असतो. समजा माथ्यापासून तीन मीटर खाली येणं झालं. तेवढ्यात खालच्या दिशेचा वेग ताशी साधारण 28 किलोमीटर होतो. सपाट जमिनीवर आदळलं तर तो सगळा वेग त्या वीतभर जागेत मारायचा. पण क्वाड त्याच वेळी ताशी 50 किलोमीटरने पुढेही जातोय, म्हणजे हवेतून तो सुमारे 29 अंशांच्या उताराने खाली येतोय. समोर 25 अंशांचा उतार तयार ठेवला, तर जमिनीला काटकोनात उरतो जेमतेम ताशी चार किलोमीटरचा वेग. टक्करीची ऊर्जा पन्नासपटीने कमी. बाकीचा वेग कुठे जात नाही, तो पुढच्या वळणाकडे निघतो. म्हणून उडी कमी पडून माथ्यावर आपटणं वाईट, आणि उतार ओलांडून सपाटीवर पडणंही वाईट. ट्रॅक बांधणारा माणूस बुलडोझरवर बसून उतरण्याची जागा घडवतो. टाळ्या त्याला मिळत नाहीत.

तरी काहीतरी उरतंच, आणि ते यंत्राला पचवावं लागतं. इथे स्प्रिंग आणि तेल यांचे स्वभाव वेगळे निघतात. स्प्रिंग सगळं लक्षात ठेवते. जितकं दाबलं तितकं जपते आणि जवळजवळ पै न् पै परत करते. नुसत्या स्प्रिंगांवर क्वाड उतरला तर तो पुन्हा उडेल, या वेळी रायडरला न विचारता. तेल मात्र विसरतं. पिस्टनच्या भोकांतून, वाकलेल्या चकत्यांखालून पिळून निघताना ते आघाताची उष्णता करून टाकतं. क्वाड आणि माणूस मिळून 265 किलो धरले, तर तीन मीटरच्या पडण्यातली सारी ऊर्जा 200 मिलिलिटर पाण्याला नऊ-दहा अंशांनी तापवेल, एवढीच. पाठीचा कणा मोडू शकणारी गोष्ट उष्णतेत मोजली की अशी फुटकळ निघते. फेरी संपल्यावर शॉकअपच्या डबीला हात लावला तर चटका बसतो. सगळ्या उड्या त्या चटक्यात जमा असतात, पण एकही ओळखू येत नाही.

पुण्यात इंजिनिअरिंग करताना ‘बाहा’च्या गाड्यांवर रात्री घालवल्या होत्या. 2007 साली पीथमपूरला ही स्पर्धा सुरू झाली, आणि पिंजऱ्यासारख्या चौकटीतली आपली गाडी खड्ड्यांतून जिवंत बाहेर काढणं हे कित्येक मराठी मुलांचं कॉलेजमधलं खरं शिक्षण ठरलं. वहीत स्प्रिंगचा k ठसठशीत असे. वजनं ठेवा, किती दबली बघा, आकडा तयार. डॅम्परचा, म्हणजे तेलाच्या नळीचा, c नुसताच अक्षर म्हणून राही. लक्षात ठेवणं मोजता येतं. विसरणं वेगावर, तापमानावर, तेलाच्या वयावर अवलंबून असतं. ते हाताने दाबून, चालवून, पुन्हा दाबूनच कळतं.

आणि ते बेताचंच लागतं. परत येण्याचा वेग (रिबाउंड) फार मोकळा ठेवला, तर उडीच्या चढावर दबलेलं मागचं टोक सुटताना लाथ मारतं आणि क्वाड नाकावर जायला बघतो. फार आवळला, तर ‘टेन कमांडमेंट्स’मध्ये खोड दिसते. पहिल्या उंचवट्यावर चाक दबतं, पुरतं परत यायच्या आत दुसरा येतो, मग तिसरा. क्वाड दर धक्क्याला थोडा थोडा खाली बसत जातो आणि शेवटी साध्या उंचवट्यावरही तळाला आपटतो. याला पॅकिंग म्हणतात. आमच्या घरात हे दोन्ही प्रकार नांदले. आत्या कोणाच्या लग्नात पंगतीला शेवटी बसवलं ते तीस वर्षं तंतोतंत ठेवून होती, आणि दर कार्याला ते तेवढ्याच जोराने परत करी. धाकटे काका ‘जाऊ दे’ म्हणत. नोकरी गेली, जाऊ दे. वाटणीत जमीन गेली, जाऊ दे. प्रत्येक वेळी ते आधीपेक्षा जरा खालून पुढचा धक्का घ्यायचे. लोक एकीला खाष्ट म्हणाले आणि दुसऱ्यांना संत. काकांना परत वर यायला कोणी वेळच दिला नाही, हे मला त्या दहा उंचवट्यांपाशी उभं असताना सुचलं.

यंत्राला माणूसही हातभार लावतो. गुडघे आणि कोपरं मोकळी ठेवून पेगवर उभा असलेला रायडर यंत्राच्या वीतभर जागेत आपली हातभर जागा मिसळतो. हवेत नाक खाली जातंय असं वाटलं तर तो थ्रॉटल देतो. चाकं जोरात फिरतात आणि उलट प्रतिक्रियेने नाक वर येतं. नाक फार वर असेल तर मागचा ब्रेक चेपतो, की ते खाली येतं. सायकलसारखं कलून सावरणं क्वाडला जमत नाही. मागची दोन चाकं एकाच ॲक्सलवर, म्हणून एक चाक आधी टेकलं की अख्खं यंत्र पिळवटतं. टायरांत हवेचा दाब मोटारीच्या टायरच्या जेमतेम सहाव्या भागाएवढा. 1970 मध्ये होंडाने आपली पहिली तीनचाकी एटीव्ही आणली तेव्हा तर तिला स्प्रिंगच नव्हती. फुगलेलं रबर हाच सगळा आधार, आणि रबरही स्प्रिंगच्याच जातीचं, घेतलेलं परत देणारं.

शॉकअपच्या दांड्यावर एक रबरी कडी असते. दबताना ती सरकते आणि जिथवर दबलं तिथेच थांबते. फेरीनंतर शेजारी आधी तीच बघतो. कडी टोकापासून लांब राहिली तर तो खूश होत नाही. असलेली जागा वापरलीच नाही, म्हणजे धक्के कण्याने घेतले. दर फेरीत सगळ्यात मोठ्या उडीला एकदाच, हलकेच तळ लागावा, असं त्याचं गणित आहे.

तुम्ही कधी अशा मैदानावर गेलात, तर गर्दी उडीच्या माथ्यासमोर असेल. तुम्ही थोडं खाली, उताराच्या पायथ्याशी जा. चाकं टेकल्यानंतर क्वाड किती वेळा हेलकावतो ते मोजा. एकदाच खाली, एकदाच वर, आणि इंजिनाचा जोर तुटलेला नाही, तर कोणीतरी आदल्या संध्याकाळी नीट टकटक मोजली आहे. दोन-तीनदा डोललं, तर स्क्रूला अजून काम आहे. शेजाऱ्याचा क्वाड परवा दीडदा डोलला. पुढच्या फेरीआधी रिबाउंड एक क्लिक आवळायचा आहे, दोन नाही.